चांगल्या मातीचा गुन्हा

माझ्या वावराच्या बांधावर चौदा अंजन होते. आता दहा आहेत. चार कसे गेले ते सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. गेले चार महिने घरातले सगळे मला तो खाली ठेवायलाच सांगतायत.

आमचं गाव शिंदखेड्यापासून दहा-बारा किलोमीटर आत. माती हलकी, मुरमाड. माझा नवरा नवल आणि धाकटा दीर प्रेमराज यांची वाटणी झाली तेव्हा मधे पूर्व-पश्चिम बांध पडला. उत्तरेचं वावर आमचं, दक्षिणेचं त्याचं, बांध सामाईक. त्या बांधावर अंजनाची रोपं आपोआप उगवायची आणि गावच्या शेळ्या ती आपोआप खाऊन टाकायच्या. मी बोरीच्या काट्या रोवून त्यांना आडोसा केला. लावली नाहीत, राखली. बावीस वर्षं. सावली सगळी माझ्या वावराच्या अंगाला पडते, त्यामुळे प्रेमराजला ती झाडं कधी दिसलीच नव्हती.

लोक हसायचे. शेजारचा भिकन तर येता-जाता म्हणायचा, "नवलना वावरमा कपाशी कमी, कचरा जास्त." त्याचं चूकही नव्हतं. झाडाच्या अंगाच्या चार ओळी दरवर्षी बुटक्या राहतात. पण पाला गळला की मी तो मातीत दाबते, कापूस वेचून उरलेली पऱ्हाटी पेटवत नाही, कुट्टी करून पसरते. लोक युरियाच्या सहा गोण्या टाकतात तिथे मला दोन पुरतात. हे मला कोणी शिकवलं नाही, माझी शाळा सातवीतच सुटली. झाडाखाली भाकरी खायला बसलं की हात जमिनीला लागायचा, आणि तिथली माती नि उघड्यावरची माती हाताला वेगळी लागायची. एवढंच माझं शिक्षण.

तर गेल्या चैत्रात गावात कंपनीची माणसं आली. मारुतीच्या सभामंडपात पडदा लावून त्यांनी चित्रं दाखवली. पुण्याचे एक साहेब होते, त्यांनी समजावून सांगितलं, की झाड हवेतला कर्ब ओढून घेतं आणि लाकडात नि मातीत साठवतं. पऱ्हाटी पेटवली की तो परत हवेत जातो. जास्तीच्या युरियातून तर असा वायू निघतो, की तो साध्या धुरापेक्षा कितीतरी पट हवा तापवतो. म्हणून जो शेतकरी बांधावर झाडं वाढवेल, जाळणार नाही, युरिया कमी करेल, त्याला परदेशातल्या कारखान्यांकडून पैसे मिळतील. त्यांना त्यांचा धूर आवरत नाही ना, म्हणून.

मी मागे बायकांत बसले होते. माझं काय झालं म्हणून सांगू, मला रडू आलं. बावीस वर्षं ज्या गोष्टीवरून टोमणे खाल्ले ती गोष्ट पडद्यावर होती, आणि पुण्याचा माणूस तिला चांगली म्हणत होता. प्रेमराज पुढच्या रांगेत होता. त्यालाच गटप्रमुख केलं. तो मागे वळून माझ्याकडे बघून हसला, म्हणजे वहिनी, आपलं काम झालं.

पंधरा दिवसांनी मातीचे नमुने घ्यायला कंपनीकडून मोहिनी आली. जळगावच्या कृषी कॉलेजात शिकलेली, रावेरकडची, बापाची केळी. तिच्याकडे पाटीएवढं यंत्र होतं. त्यावर आमच्या वावराचा आकाशातून काढलेला फोटो नि त्यात तीन टाचण्या. जिथे टाचणी तिथेच खणायचं, असा नियम. पहिली टाचणी निघाली वावराच्या पार टोकाला, निव्वळ मुरमात.

आता चूक कुठे झाली ते सांगते, कारण चूक माझी आहे.

आमच्याकडे पाहुणी आली तर तिला फाटक्या सतरंजीवर कोणी बसवत नाही. दाण्याचा नमुना दाखवायचा तर ओंजळीत वरचा दाणा घेतो, खालचं गाळसाळ नाही. मुलगी दाखवायची तर तिला उजेडात बसवतात. तशी ही मातीची दाखवणी होती आणि माती माझी होती. मी त्या मुलीला म्हटलं, इथे काय खणतेस, इथे दगड आहेत, तुझा हात दुखेल. तिला धरून बांधाकडे नेलं. ऊन मरणाचं होतं, तीही सावलीला आली. एक नमुना तिने टोकाला घेतला, दोन मी सांगितलं तिथे, अंजनाखाली. वरचा पाला मीच हाताने बाजूला सारला, मीच खणून दिलं. काळी, भुसभुशीत, ओंजळीत धरली तर गूळ मोडावा तशी मोडणारी. दोन गांडुळं निघाली. मी ती तिला दाखवली, जशी काय मीच जन्माला घातली होती.

तिने विचारलं, झाडं किती, किती वर्षांची. मी तिला चौदाच्या चौदा झाडांपाशी फिरवलं. कोणतं कधी उगवलं, कोणत्याचा शेंडा शेळीने खाल्ला नि तो परत कसा आला, सगळं सांगितलं. ती भराभर लिहून घेत होती. जाताना मी तिला शेवग्याच्या शेंगांची जुडी दिली.

आषाढात यादी आली. एक्केचाळीस शेतकरी घेतले. आमचं आणि प्रेमराजचं वावर त्यात नव्हतं.

मोहिनीला फोन लावला. ती बिचारी अडखळत बोलली. म्हणाली, अक्का, तुमच्या मातीत सेंद्रिय कर्ब आधीच खूप भरला. कंपनी पैसे देते ते वाढीचे. तुमच्याकडे वाढायला जागा कमी. आणि झाडं जुनी आहेत. योजना सुरू झाल्यावर लावलेली झाडंच धरतात. तुमची धरली तर ते म्हणतात, की ही तर पैशाशिवायच उभी होती, मग पैसे कशाचे? बांध सामाईक, म्हणून प्रेमराजदादांचंही वावर गेलं.

मी विचारलं, जीवराम आला का यादीत? आला होता. जीवरामने सात वर्षांपूर्वी बांधावरची निंबं नि हिवर बुडापासून काढून वीटभट्टीला दिले होते. दरवर्षी त्याच्या पऱ्हाटीचा धूर माझ्या वाळवणावर येतो. पण ते सगळं कोणाच्या फोटोत नव्हतं. त्याचा बांध स्वच्छ, त्याची माती भुकेली, म्हणून तो लायक. सहा गोण्यांवरून चारवर येणार म्हणून त्याचा मान, आणि मी दोनवर बसलेली, म्हणून मी कोरडी. गावात दारू सोडणाऱ्याचा नारळ देऊन सत्कार होतो. जो कधी प्यालाच नाही, त्याला कोणी नारळ देतं का? तसंच हे. मी मोहिनीला विचारलं, की हवेला कळतं का गं, कोणता कर्ब योजनेच्या आधीचा नि कोणता नंतरचा?  ती हळूच म्हणाली, की विरळ झाडं आकाशातल्या फोटोत दिसत नाहीत, अक्का. तुम्ही दाखवली नसती तर मी लिहिली नसती.

ते वाक्य मी कोणाला सांगायला नको होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. नवलला सांगितलं, नवलने भावाला सांगितलं, आणि संध्याकाळी प्रेमराज ओट्यावर येऊन उभा राहिला. बसला नाही.

"वयनी, तुम्हीनच बठ्ठं सांगी दिधं. झाडं कितला वरीसना, हाई सांगानी काय गरज व्हती?"

"तिनी ईचारं, म्हनीसन मी सांगं."

तो नवलकडे वळला. नवल म्हणाला, जाऊ दे. माझा नवरा चांगला माणूस आहे. पण बांध फुटून पाणी वावरात शिरलं तरी तो आधी जाऊ दे म्हणेल, मग फावडं शोधेल.

प्रेमराजचा हिशेब सरळ होता. पुढच्या वर्षासाठी दुसरी यादी व्हायची होती. आपला बांध मोकळा करायचा, नवा अर्ज त्याच्या गटातून टाकायचा, आणि कंपनी देईल ती रोपं लावायची. फोटोत झाडं दिसतच नाहीत, नव्या अर्जाला पाहणीही नवी, तर ती होती असं कोण म्हणणार? मी म्हटलं, झाडं वाढवायच्या योजनेत यायला झाडं कापायची? तो म्हणाला, नियम मी केले का? मग मी त्याला नीट बजावलं, की बांधाला हात लावलास तर याद राख. माझ्या मते तिथे विषय संपला होता.

कार्तिकात मी पारोळ्याला गेले, भाचीच्या साखरपुड्याला. एक रात्र राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीतून उतरले आणि फाट्यावरून घरी चालत निघाले. आमचं वावर वाटेतच लागतं. लांबूनच काहीतरी वेगळं वाटलं. म्हणजे आभाळ जास्त दिसत होतं.

चार झाडं आडवी पडली होती. पश्चिमेकडून ओळीने चार. पाचव्याच्या बुंध्यात करवतीच्या मशीनची खाच होती, बोटभर खोल. अंजनाचं लाकूड आतून काळपट तांबडं असतं, इतकं तांबडं की नको तिकडे बघायला, असं झालं. पानं अजून हिरवी होती. त्यांना अजून कळलं नव्हतं.

प्रेमराज तिथेच होता, मशीनवाल्याबरोबर चहा पीत.

"आर्धा बांध मना शे. चौदामझारला सात मना. मना वाटाना कापात," त्याने मी काही बोलायच्या आत सांगितलं.

"मंग चारवरच कसा थांबना?"

 मशीनवाला एरंडोलचा, परका माणूस, त्याला आमच्या घरचं काय ठाऊक. तोच म्हणाला, चेन तुटली ताई, दोन चेन तुटल्या, लाकूड आहे की लोखंड. उद्या धुळ्याहून नवीन आणतो.

मी पिशवी खाली ठेवली आणि पाचव्या झाडाला पाठ लावून बसले. साखरपुड्याचं लुगडं अंगावर होतं. दुसऱ्या दिवशीही बसले, तिसऱ्याही. सकाळी भाकरी बांधून नेत होते. मशीनवाला एकदा येऊन लांबूनच बघून गेला, तो पुन्हा आला नाही. प्रेमराजची बायको दिपमाला एकदा आली. भाताचा डबा ठेवला आणि जाताना कापलेल्या झाडाच्या कोवळ्या फांद्यांचा भारा करून शेळ्यांना घेऊन गेली. तिचं काय चुकलं? पाला वाया का घालवायचा.

त्या तीन दिवसांत मला राग फक्त प्रेमराजचा आला नाही. माझ्या स्वतःच्या तोंडाचा आला. मिरवायला गेले. बावीस वर्षं गप्प राखली आणि एका सकाळी एका पोरीपुढे मिरवली, त्याची ही चार झाडं. पण मग वाटायचं, चांगलं ते लपवून ठेवायचं नि वाईट ते दाखवायचं, असा कायदा कोणाच्या डोक्यातून निघाला असेल? त्या माणसाने कधी मातीत हात घातला असेल का? आणि परत राग डोक्यात जायचा.

पौषात दुसऱ्या यादीचे अर्ज भरायला सभा झाली. पुण्याचे साहेब आले, मोहिनी आली, जुने एक्केचाळीस नि नवे पंधरा-वीस असे सगळे ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. प्रत्येक अर्जाला एक कागद होता. या जमिनीवरून आणि तिच्या बांधावरून गेल्या दहा वर्षांत झाडं काढलेली नाहीत, असं लिहून द्यायचं. बांध सामाईक असेल तर दोन्ही बाजूंच्या सह्या. आमचं वावर सातबाऱ्यावर माझ्या नावाने आहे, विहिरीच्या योजनेसाठी नवलने केलेलं. म्हणजे प्रेमराजचा अर्ज माझ्या सहीवर अडला होता.

त्याने ते आधीच गावाला सांगून ठेवलं होतं. आणि असंही, की गटात एक जरी खोटं उघड झालं तर सगळ्या गटाची फेरतपासणी होईल, रोपं नि ठिबकच्या नळ्या वर्षभर लांबतील. त्यामुळे मी हॉलमध्ये शिरले तेव्हा सगळ्यांच्या नजरा अशा, की बाईच्या हातात पेन आहे की विळा.

जीवराम म्हणाला, एका सहीने काय होतं. भिकन म्हणाला, गेलेली झाडं परत येतात का. नवल खाली बघत होता. हे सगळं मी ऐकून घेतलं असतं. पण माझ्या शेजारी शेवंताबाई बसली होती. एकटी बाई, गावकुसाजवळ एवढासा तुकडा, पहिल्या यादीत तिचं नाव आलेलं. तिच्या शेळ्या मी माझ्या अंजनाच्या पाल्यावर वाढताना पाहिल्यात. तिने माझा गुडघा दाबला.

"पुष्पा, सही करी टाक वं. तुनी माटी सोनानी शे. आम्हनी का जलमभर राखोडीच ऱ्हावो?"

  तिचं खरं होतं. तिच्या तुकड्याला झाडं पाहिजेतच, माझ्यापेक्षा जास्त पाहिजेत. मी तिच्याकडे बघितलं असतं तर सही केली असती, म्हणून बघितलं नाही.

मी मोहिनीकडून कागद घेतला. मला लिहायला वेळ लागतो, अक्षर मोठं येतं. छापलेल्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: या बांधावर चौदा अंजन होते. कार्तिकात चार कापले. माझा दीर प्रेमराज याने कापले, या योजनेत येण्यासाठी. दहा उभे आहेत. मग सही केली, पुष्पाबाई नवल पाटील, आणि तारीख घातली.

साहेबांनी हात पुढे केला. मोहिनीने कागद त्यांना द्यायच्या आधी मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, मग यंत्राने त्याचा फोटो काढला, मग दिला. तिचं नोकरीत काय झालं असेल देव जाणे. साहेब म्हणाले, ताई, हे असं लिहायची गरज नव्हती, सही केली नसती तरी चाललं असतं. मी म्हटलं, नुसती सही केली नसती, तर पुढच्या वर्षी त्याने माझ्या नावाची सही नवलकडून करून घेतली असती, आणि त्याच्या आधी उरलेली दहा कापली असती. आता बांधाचं नाव कागदावर आलं. आता दहा वर्षं इथे झाड कापून कोणाला काही मिळणार नाही.

प्रेमराज उठून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "आजपासून मना घरना दरवाजा तुम्हले बंद."

दरवाजा बंद आहे. दिपमाला दिसली की मान हलवते, बस. गटाची फेरतपासणी लागली, आणि शेवंताबाईची रोपं या पावसाळ्यात येणार नाहीत. ती माझ्याकडे पाल्याला यायची बंद झाली. मी दोन भारे तिच्या दाराशी नेऊन टाकले, ते तिथेच वाळले. शेळ्या बघत होत्या, तिने सोडल्या नाहीत. प्रेमराजचा अपमान मी पचवते, वेळ पडली तर त्याला चार शब्द परत सुनावते. तो वाळलेला भारा मला पचत नाही.

आणि मागच्या आठवड्यात साहेबांची गाडी आली. मला वाटलं तपासणी. तर बरोबर फोटोवाला. साहेब अगदी गोड बोलले. कंपनी परदेशात पाठवायला पुस्तक काढते आहे, त्यात बांधावरच्या झाडांनी माती कशी सुधारते ते दाखवायचं आहे, आणि सगळ्या भागात माझ्याइतकी चांगली माती दुसरी मिळाली नाही. तेव्हा मी अंजनाखाली ओंजळीत माती धरून उभी राहीन का?

 मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. तो करत नव्हता.

मी त्यांना वावरात नेलं. फोटोवाल्याने जागा शोधली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, पण कुठूनही चार बुडखे मधे येत होते. मग त्याने पूर्वेकडच्या झाडांपाशी चला म्हटलं. मी पश्चिमेकडच्या पहिल्या बुडख्यावर जाऊन बसले, आणि तिथलीच मूठभर माती ओंजळीत घेतली.

"घ्या फोटो."

"ताई, तिथे नको. तिकडच्या लोकांना बुडखे बघायला बरं वाटणार नाही."

"मग त्यांनाच दाखवा. त्यांच्याच पैशाच्या वासाने कापलीत ही."

साहेबांनी घड्याळ बघितलं. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, साहेबांकडे बघितलं, खाली केला. बांधापलीकडे प्रेमराज तुरीच्या पेंढ्या बांधत होता. त्याने हातातलं काम थांबवलं होतं, पण तो आला नाही. साहेब नि फोटोवाला हळू आवाजात काही बोलले आणि गाडीत बसले. गाडी जीवरामच्या वावराकडे वळली. तिथे प्लास्टिकच्या जाळीत, फेरतपासणीच्या आधीच आलेली, वीतभर रोपं आहेत.

मी उठले नाही. ओंजळीतली माती बोटांतून गळत होती, ती गळू दिली. बुडखा बसायला चांगला आहे, रुंद. फक्त ऊन थेट डोक्यावर येत होतं.